मागच्या खोलीची मुदत

भिवंडी
५ डिसेंबर १९८८

अतिया बेटा, तुला आणि लहानग्या सुरैयाला अब्बाची दुवा.

श्रीवर्धनहून परत येऊन महिना होऊन गेला. तुझ्या महमूदच्या मातीला आलो तेव्हा तुझ्याशी चार शब्द बोलता येतील असं वाटलं होतं. तू दाराआडून अम्माच्या तोंडी सलाम पाठवलास, मी अम्माच्याच तोंडी परत केला. बापलेकीच्या मध्ये एक फळी, तीही अर्धी उघडी. तुझ्या ओढणीचं टोक दिसत होतं. असो. नवऱ्यामागे इद्दतीत बसलेल्या पोरीला मी बोल लावणार नाही. चार वर्षं बोलली नाहीस, त्यात हे चार महिने.

लिहायला बसलो ते दुसऱ्या कारणानं. निघताना फाटकाशी चपला घालत होतो तर तुझा मोठा दीर नूर मोहम्मद जवळ आला. म्हणाला, "मामू, इद्दत पुरी होऊ दे, मग बघू." मी काही विचारलं नव्हतं. न विचारता माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा त्यानं आधीच बघून ठेवलेलं असतं. त्याचा मुलगा लग्नाचा आहे, घरात खोल्या मोजक्या, हे मलाही दिसतं. तो वाईट माणूस नाही. पण फेब्रुवारी सरता सरता तुझी इद्दत संपेल आणि दुसऱ्या दिवशी तुझी पेटी पडवीत आलेली असेल, हे मी लिहून देतो.

तर तू काळजी करायची नाहीस. इथली मागची खोली तुझी आहे. जाताना तू म्हणाली होतीस, या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही. ते मी ऐकलंच नाही असं धरून चालतो. मी तरी काय म्हणत होतो? महमूदनं होडी सोडावी, इथं राहावं, कापडाच्या लूमवर लागावं. तो म्हणाला, समुद्राशिवाय आणि या खडखडाटात मला झोप लागणार नाही. त्यावरून आपण दोघं किती तोंडं वाजवली. आता ज्याच्यावरून भांडलो तोच उठून गेला.

खोली आहे तशी आहे. थोडं सामान आहे आत, ते निघेल. चुना मारून घेतो. खिडकी नाही म्हणून तू कुरकुरायचीस, ती मात्र अजून नाही. दार गल्लीकडे उघडलं की उजेड येतो, तेवढाच.

अक्षर गिचमिड वाटेल. सुताचा ताणा गुंडाळलेल्या बीमवर खडूनं मारलेल्या खुणा बघत बघत लिहायला शिकलेला माणूस मी. पूर्वी तू लाल पेन्सिल घेऊन बसायचीस. आता चार वर्षांच्या चुका साठल्यात.

तुझा अब्बा
गुलाम हुसेन

भिवंडी
२९ डिसेंबर १९८८

अतिया बेटा,

तुझी मावसबहीण श्रीवर्धनला येऊन गेली आणि अम्मानं तिच्याकडे नानखटाईचा डबा दिला होता. डब्याबरोबर आणखी काय काय दिलं ते मला काल कळलं. म्हणजे तुला ठाऊक झालं आहे. बरं झालं. माझ्या पत्रातलं 'थोडं सामान' म्हणजे दोन माणसं आहेत.

रागावू नकोस, पुरतं वाच. बंद खोलीला वाळवी लागते. तू गेल्यावर वर्षभर मी ती तशीच ठेवली. अम्मा रोज झाडायची आणि झाडताना रडायची. शेवटी तिलाच म्हटलं, माणसं राहू देत आत.

वज्रेश्वरीच्या पलीकडच्या गावचे दोघे साडू आहेत. दौलत आणि नवशा. दोन सख्ख्या बहिणी यांच्या घरात. दौलत दिवसाच्या शिफ्टला, नवशा रात्रीच्या. एक उठून गेला की दुसरा त्याच गोधडीवर पडतो. शुक्रवारी दिवसा लूम बंद, रात्री चालू, तर एका शुक्रवारी हा गावी जातो, पुढच्या शुक्रवारी तो. असं का, तर दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. कुठल्याशा हळदीत दौलतला मानाचा टॉवेल मिळाला, नवशाला मिळाला नाही. दौलतनं तो खांद्यावरून काढला नाही, नवशानं ते मनातून काढलं नाही. दोन वर्षं झाली. रॉकेल संपलं, चिमणी फुटली, साबण आण, सगळे निरोप तुझ्या अम्माच्या तोंडून जातात. संध्याकाळी दौलत सांगतो, सकाळी अम्मा नवशाला सांगते. मी म्हणतो, कुबरा, तुला पोस्टात नोकरी हवी होती. ती म्हणते, या घरात तीच तर करतेय.

गेल्या शुक्रवारी नमाजहून आलो आणि दौलतला ओट्यावर बसवलं. नवशा गावी गेला होता.

"दौलत, खोली लागणार आहे. पोर येतेय माझी."

"कवा?"

"तिला अवकाश आहे, पण मला डागडुजी करायचीय. झेंडावंदनापर्यंत सोड. महिना देतोय."

तो डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "तुमची पोरगी, तिची खोली. न्हाय कोन म्हनंल, चाचा?"

"नवशालाही कळव."

"कळवतंव," म्हणाला, आणि थोडं थांबून, "कसा कळवायचा त्ये बघतंव."

अम्मा आतून म्हणाली, "मी सांगू का नवशाला?" मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, भाड्याचं बोलणं पुरुषांचं असतं. तिनं भांडी जरा जोरात लावली.

इथं सगळे म्हणतात, भिवंडीत एकदा दिलेली खोली परत मिळत नाही. माणूस राहतो, त्याचा भाऊ राहतो, भावाचा गाववाला राहतो, आणि मालक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. माझ्याकडे कागद नाही की वकील नाही. एक महिना आगाऊ सांगायचं, एवढीच आपल्या गल्लीची रीत. दौलत शब्दाचा माणूस आहे. तू निर्धास्त राहा.

सुरैयाला ताप होता म्हणे. उतरला का?

अब्बा

भिवंडी
२८ जानेवारी १९८९

अतिया बेटा,

खोली रिकामी झाली असं लिहिणार होतो. पत्र मनात तयार होतं. आता ते नाही, हे आहे.

दौलत परवा, झेंड्याच्या सकाळी, ट्रंक खांद्यावर घेऊन गेला. अम्माच्या पाया पडला, मला सलाम केला. मला वाटलं, नवशाही रात्रपाळीवरून येऊन आवरेल. तो आला, खोलीत डोकावला, दौलतची ट्रंक नाही हे पाहिलं आणि न झोपताच स्टँडवर गेला. मी म्हटलं, सामान न्यायला गावाहून माणूस आणत असेल.

काल दुपारी तो उतरला. बरोबर डोक्यावर पदर घेतलेली त्याची बायको मैना, हातात वळकटी आणि एक पितळी हंडा. बाईच्या हातात ओझं बघून मी पुढे झालो. वळकटी मी आत नेली, अतिया. मी, माझ्या हातानं. म्हटलं, बांधाबांध करायला आली असेल. आत जाऊन बघतो तर ती वळकटी बांधायची नव्हती, सोडायची होती.

नवशा खुशीत होता. "चाचा, दौलत्या गेला. आता खोली दिवसरात्र माझी. मंग म्हटला, मैनेला आनू. गावाला माझी आई न्हाय, दाई न्हाय. हितं चाची हाय."

"नवशा, तुझा महिना काल संपला."

"कंचा महिना?"

"नोटिशीचा. दौलतला मी सांगितलं होतं."

त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं. "दौलत्याला सांगला म्हंजे मना सांगला काय? त्यो दोन सालं मना बोलत न्हाय. तुमाला म्हाईत न्हाय का, चाचा? तुमच्याच वट्यावर बसून आमी चाचीच्या तोंडानं बोलतांव."

मी सोडलेल्या वळकटीकडे बघितलं. मग तो सावकाश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आडदांडपणा नव्हता, "ज्याला आज कळला त्याचा महिना आजपासून. त्यात काय चुकला आसंल तर सांगा."

मी आत आलो. अम्मा तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "भाड्याचं बोलणं पुरुषांचं ना? बोला आता." मग म्हणाली, "आणि आठवा महिना लागलाय असं तो मला म्हणाला, ते खरं धरू नका. हिला नववा आहे."

मला तर काही दिसलंच नव्हतं. मला हंडा दिसला होता.

आता हिशेब असा. नवशाचा महिना फेब्रुवारीच्या शेवटाला संपतो. तुझी इद्दत त्याच्या दोन-चार दिवस आधी. तेवढे दिवस नूर मोहम्मदला थांबव. त्याचं कार्ड मला आलं आहे, मुलाची तारीख ठरली, खोलीला रंग काढायचा आहे, माणूस पाठवून अतियाला घेऊन जा. गोड शब्दांत लिहिलं आहे. आजकाल मला गोड शब्दांचीच धास्ती वाटते.

अब्बा

भिवंडी
९ फेब्रुवारी १९८९

अतिया,

तुझं कार्ड आलं. नाव अम्माचं, मजकूर माझ्यासाठी. 'खोली रिकामी आहे का? अब्बांना सांग, एकदा तरी खरं कळवा.' चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. तसंच उजवीकडे झुकलेलं.

खरं कळवतो. खोली रिकामी नाही. आणि परवा जे झालं तेही कळवतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकशील तर ते आणखी वाईट ऐकू येईल.

पुढच्या गल्लीतल्या कारखान्यात लडकू नावाचा मुकादम आहे. चहाच्या टपरीवर मी बसलो होतो, तोंड उतरलेलं असणार. त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, हितं नोटीस तोंडानं देत न्हाईत, हातानं देतात. दोन पोरं पाठवू? सामान वाटंवर काडतील, बस. मारझोड न्हाय."

मी म्हटलं, "बघ."

एवढंच म्हटलं. पण त्या फाटकाशी नूर मोहम्मदनं ज्या आवाजात म्हटलं होतं तोच आवाज माझ्या तोंडून आला, आणि तो मला लगेच ओळखू आला. परत फिरून लडकूला 'नको' सांगायला हवं होतं. चहाचा कप ठेवला आणि घरी आलो.

मंगळवारी सकाळी पोरं आली. नवशा नुकताच रात्रपाळीवरून येऊन पडला होता. स्टोव्ह बाहेर आला, हंडा बाहेर आला, गोधडी आली. नवशा उठला तर एकानं त्याचे दंड धरले. गल्लीतली लूम चालू, कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. मैना उठली आणि उंबऱ्यावर बसली. दोन्ही हात चौकटीला लावले आणि बसली. पोरं थबकली, लडकूकडे बघायला लागली. लडकू माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्याच घराच्या मागं गल्लीत उभा होतो, आणि मला वाटत होतं की कुणीतरी दुसऱ्यानं काहीतरी करावं.

ते तुझ्या अम्मानं केलं. हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ आणि हिरवा खण. तो खण तुझ्यासाठी घेतलेला होता, सुरैयाच्या वेळचा, तू आली नाहीस म्हणून पेटीत राहिलेला. उंबऱ्यासमोर गल्लीतच बसली आणि मैनेला म्हणाली, "पदर पुढे कर."

लडकू म्हणाला, "चाची, ह्ये काय मदीच?"

"मध्येच नाही, वेळेवर. नववा सरत आलाय पोरीचा आणि अजून हिची ओटी भरलेली नाही. गावी कुणी नाही म्हणून इथं आलीय ती. तुझ्या गावात ओटी भरताना बाईला उंबऱ्यावरून उठवतात का रे?"

त्यांच्यात उठवत नाहीत, आपल्यातही उठवत नाहीत. हे त्या पोरांना शिकवावं लागलं नाही. एकानं नवशाचे दंड सोडले. दुसऱ्याच्या हातात स्टोव्ह होता, तो त्यानं हळूच खाली ठेवला, जणू पेटलेला आहे. अम्मानं पाच वेळा ओंजळ भरली, नारळ ठेवला, खण ठेवला, आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं, अतिया. आणि पुन्हा बघू नये.

हंडा मी उचलला आणि आत नेऊन ठेवला. त्या बाईचं सामान आत न्यायची ही माझी दुसरी वेळ.

आता तूच सांग, मी तुला काय कळवू? ओटी भरलेली बाई म्हणजे माहेरवाशीण. तिला महिन्याची मुदत कुठल्या तोंडानं सांगायची? आणि तुला तरी कुठल्या तोंडानं सांगायचं की थांब?

अब्बा

भिवंडी
२० फेब्रुवारी १९८९

अतिया बेटा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो. आता न लिहिणं म्हणजे पुन्हा 'थोडं सामान' लिहिण्यासारखं होईल.

त्या प्रकारानंतर दोन दिवसांनी मैना अम्माकडे आली, दबकत. म्हणाली, "चाची, दाराच्या मागं तुमी काय मंतरलंय काय? माझी भीती जात न्हाय."

अम्माला कळेना. गेली, बघून आली, तिलाही वाचता येत नाही. मला हाक मारली. तुझी ती खोली आठव. खिडकी नाही, म्हणून दिवसा झोपणारा दार सताड उघडं टाकतो, दाराची आतली बाजू भिंतीला लागते. रात्री झोपणारा दार लावून घेतो, त्याच्यासमोर तीच बाजू येते. दौलत रात्री झोपायचा, नवशा दिवसा. दोन वर्षं एका खोलीत राहून दोघांनी एका दाराच्या दोन वेगळ्या बाजू बघितल्या. मैना रात्री एकटी, म्हणून दार लावून घ्यायची, तिला ते दिसलं.

दाराच्या मागं बीमवर मारायच्या खडूनं लिहिलं होतं:

'नवशा, चाचांनी खोली सोडाय सांगलीय. झेंडावंदनाला. त्यांची पोरगी येते. दौलत.'

खाली आणखी एक ओळ, पुसट: 'टावेल तू घे, पन बोल.'

मी ते वाचलं आणि दाराला टेकून उभा राहिलो. बिचाऱ्यानं 'कसा कळवायचा त्ये बघतंव' म्हटलं होतं, ते हे. त्याला वाटलं असेल, रोज समोर दिसतंय, वाचून गप्प बसलाय. आणि मी त्या माणसाला पंधरा दिवस मनातल्या मनात शिव्या दिल्या.

नवशाला उठवलं. त्याची शाळा चौथीपर्यंत, बोट ठेवून ठेवून वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. मग म्हणाला, "माझा नाव त्यानं लिवला."

मग काय केलं असेल? गोधडी घडी घालायला लागला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "चाचा, मना सांगला न्हाय आसा मी बोललंव. सांगलेला व्हता. दारावर लिवलेला व्हता, मीच बघला न्हाय. म्हंजे माझा महिना कवाच संपला. तुमची पोरगी रस्त्यावर नको."

अतिया, खोली त्या क्षणी माझ्या हातात होती. भांडण नाही, कोर्ट नाही, लडकू नाही. भाडेकरू स्वतःच्या तोंडानं म्हणतो आहे की मी जातो. अशी खोली भिवंडीत कुणाला मिळाली आहे? मला फक्त गप्प राहायचं होतं. तुझं कार्ड माझ्या खिशात होतं. मैना भिंतीला धरून उभी होती, तिचा हात कमरेवर.

मी म्हटलं, "नवशा, भिंतीकडे तोंड करून दिलेली नोटीस ही नोटीस नव्हे. मी तुला सांगायला हवं होतं, तुझ्या तोंडावर. ते मी केलं नाही. गोधडी ठेव."

बोललो आणि मग हात खिशातल्या तुझ्या कार्डाकडे गेला. कारण खोली तुझी होती आणि ती मी तुला न विचारता देऊन टाकली.

शुक्रवारी दुपारी मैना बाळंत झाली. मुलगी आहे. सुईण होती, अम्मा होती. मी आणि नवशा ओट्यावर बसून एकमेकांना विड्या देत होतो, दोघांनाही ओढायच्या नव्हत्या. आता सव्वा महिना बाळंतीण त्या खोलीतून हलायची नाही. म्हणजे तुझी इद्दत संपेल त्या दिवशी तुझ्या खोलीत दुसऱ्याची लेक पाळण्यात असेल.

माजघर आहे, पण माजघरात तुझा जीव रमणार नाही हे मला ठाऊक आहे. ओटा आहे, तिथं मी झोपीन. खोली तुझी. मी तुझ्या नावावर माझा दिलदारपणा केला. तू म्हणशील तसं करीन. पण जे म्हणायचं ते मला म्हण, अम्माला नको.

अब्बा

भिवंडी, ओट्यावरून
४ मार्च १९८९

अतिया बेटा,

या पत्राला तिकीट लागणार नाही. तू भिंतीपलीकडे आहेस.

तू उत्तर पाठवलं नाहीस, स्वतःच आलीस. माणूस पाठवा म्हणून नूर मोहम्मदनं लिहिलं होतं, तू माणसाचीही वाट बघितली नाहीस. एका हातात पेटी, एका हातात सुरैया. ओट्यावरून यावं लागू नये म्हणून गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं आलीस, हे मी बघितलं. मी उठलो नाही. उठलो असतो तर तू परत गेली असतीस असं वाटलं.

अम्मानं सांगितलं पुढचं. दार उघडं होतं. तू उंबऱ्यावर थांबलीस. मैना घाबरून उठायला लागली, म्हणाली, "ताई, मी माजघरात जातंय, तुमची खोली हाय." तू पेटी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "निजून राहा. ओल्या बाळंतिणीनं उठू नये." मग चुलीवर पाणी ठेवायला गेलीस. ज्या खोलीत पाय ठेवणार नव्हतीस तिथं आल्या आल्या दुसऱ्याच्या बाळाची लंगोटी धुतलीस. मी हे ऐकलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसलो. काच स्वच्छच होती.

आता खोलीत मैना आहे, तिची लेक आहे, तू आहेस, सुरैया आहे. नवशाला आत जागाच उरली नाही. तो सकाळी येऊन माझ्याशेजारी ओट्यावर झोपतो आणि घोरतो. त्याला जवळच्या पूर्णा गावात एका कापडाच्या गोदामावर रखवालीचं काम मिळतंय, राहायला खोलीसकट. सव्वा महिना झाला की तिघं जातील. यावेळी मी मुदत त्याला त्याच्या तोंडावर सांगितली, मैनेलाही सांगितली, बाळालाही सांगून टाकली. मैना पदराआड हसली.

आणि बारशाला दौलत आला होता, ते तू आतून बघितलं असशील. दारातून आत आला नाही. नवशा समोर गेला. दौलतनं खांद्यावरचा टॉवेल काढला, तोच, मानाचा, धुऊन धुऊन विरलेला, आणि नवशाच्या खांद्यावर टाकला. नवशा म्हणाला, "फाटका दिलास व्हय रं?" दौलत म्हणाला, "दोन सालं वापरला, फाटनारच." झालं. दोन वर्षांचं भांडण एवढ्या दोन वाक्यांत मिटलं. मग शेजारी बसून पोरीचं नाक कुणावर गेलंय यावरून नवं भांडण काढलं.

हे बघून मला हुरूप आला असं नाही म्हणणार. हेवा वाटला.

कारण आपलं काय चाललंय? तू येऊन आठवडा झाला. "अब्बांना सांग, चहा झालाय." "तिला सांग, ठेव म्हणावं." "अब्बांना सांग, सुरैयाला कडेवर घेऊन लूमकडे नेऊ नका, तिला आवाजाची भीती वाटते." "तिला सांग, नाही वाटत, टाळ्या वाजवते." सगळं अम्माच्या तोंडून. काल ती म्हणाली, "दोन साडू बोलायला लागले तर दोन नवीन भाडेकरू आले माझ्या नशिबी." आणि तिचं खरं आहे.

म्हणून ही नोटीस. नीट वाच, लाल पेन्सिल नंतर काढ.

त्या खोलीत तुला कसलीही मुदत नाही. मी आहे तोवर नाही, मी गेल्यावरही नाही. तुझी पेटी कुणी पडवीत आणणार नाही. नवशाचं बिऱ्हाड गेलं की भिंतीला खिडकी पाडतो, गवंड्याशी बोललो आहे. मुदत आहे ती तुझ्या-माझ्या अबोल्याला. आपल्या गल्लीची रीत महिन्याची, म्हणून महिना देतो. मैना सव्वा महिन्याची न्हाऊन बाहेर पडेल, त्याच्या आगेमागे या अबोल्यानंही आपलं बिऱ्हाड हलवावं. तुला त्याहून आधी काढून टाकावासा वाटला तर मी अडवणार नाही.

आणि नोटीस कशी द्यायची ते मी या थंडीत शिकलो. दुसऱ्याच्या तोंडी सांगितलेली चालत नाही. दारावर लिहिलेली चालत नाही. ज्याची त्याच्या हातात द्यावी लागते, त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहून. अम्मा हात पुढे करून बसली आहे, द्या इकडे म्हणते, सवयीनं. मी तिला दिली नाही.

ओट्यावरून उतरतो आहे. गल्लीला वळसा घालून मागं येतो. दार लावून घेतलं असशील, मैनेला वारा नको. मी ते वाजवीन. तुझ्या अब्बाची थाप तुला ओळखू येते, लहानपणी यायची. उघडशील तेव्हा कागद हातात घे. काही बोलायचं नसलं तर नको बोलूस, महिना आहे.

फक्त घेताना माझ्याकडे बघ.

अब्बा